वजन गेटवर होईल

"पिंग तर जातंय की!" हे वाक्य फोनवर ऐकलं की मी गाडीची किल्ली शोधायला लागतो. बोलणारा खोटं बोलत नसतो. पिंग, म्हणजे एका मशीननं दुसऱ्याला "आहेस का?" म्हणून मारलेली हाक, खरंच जात असतं, वेळही एक मिलिसेकंदाच्या आत दाखवत असतं. पण पिंग गेलं म्हणजे नेटवर्क ठणठणीत, हा समज कुणी रुजवला कोण जाणे. पिंगचं पॅकेट असतं इवलंसं. त्याचा चेकसम, म्हणजे मजकूर वाटेत बिघडला का ते ताडायची बेरीज, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) स्वतःच पुरा करून देतो, त्यामुळे ते कुठूनही सुळकन निघून जातं. त्याच वाटेनं चार जीबीची फाइल पाठवा, नाहीतर एखाद्या मशीनला नव्यानं आयपी पत्ता मागायला लावा. मग वाट कशी आहे ते कळतं.

मी सोलापुरात छोट्या-मध्यम कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. कारखाने बहुतेक टॉवेलचे आणि चादरीचे, बरेचसे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले. सर्व्हर रूम म्हटल्यावर डोळ्यासमोर येते तशी काचेची खोली तिथं नसते. ऑफिसच्या मागं स्टोअर, स्टोअरमध्ये सॅम्पलचे गठ्ठे, जुन्या ऑर्डरींच्या फायली, आणि कोपऱ्यात लोखंडी रॅकवर सर्व्हर. एसी असतो, पण दार कुणी लावत नाही. भिंतीपलीकडे माग धडधडत असतात आणि हवेत कापसाची बारीक लव सतत तरंगत असते. सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर ती बसते. बऱ्याच दिवसांनी जाळी काढली तर लव एका तुकड्यात सोलून निघते आणि तिच्यात थर दिसतात. खाली मरून, त्यावर पांढरा, त्यावर फिरोजी. कुठली ऑर्डर कुठल्या ऑर्डरीनंतर मागावर चढली, ते रजिस्टर न उघडता सांगता येतं.

ज्या कारखान्याची ही गोष्ट, तिथल्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. घर पूर्व भागात, घरात तेलुगू, मागावर समोर जो कामगार असेल त्याची भाषा, बँकेत आणि माझ्याशी मराठी. चिडले की आधी तेलुगूत स्वतःशी पुटपुटून घेतात आणि मग माझ्याकडे वळतात, त्यामुळे माझ्या वाट्याला राग नेहमी थोडा निवलेला येतो. जकार्डच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि संगणक यांचं नातं कंप्युटरवाला प्रत्येक माणूस पहिल्या भेटीत त्यांना सांगतो. त्यांना ते आता पाठ झालंय. मी ते कधी सांगितलं नाही, बहुधा म्हणूनच काम मला मिळालं.

सर्व्हर एकच. त्यावर लिनक्स, लिनक्सवर केव्हीएम, म्हणजे एकाच यंत्रात अनेक मशीन चालवायची सोय, आणि केव्हीएमवर तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभी केलेली मशीन. एक विंडोजचं, त्यात हिशेब आणि जीएसटी. दुसरं छोटंसं लिनक्स, कारखान्यातल्या सगळ्या पीसींना आयपी पत्ते वाटायचं काम त्याच्याकडे, आत डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम. तिसरं म्हणजे एक म्हातारं लिनक्स. त्यावर सूत किती आलं, गाठी किती गेल्या याचा स्टॉक चालतो. ज्यानं तो प्रोग्रॅम लिहिला तो पुण्याला गेला तो गेलाच. सोर्स कोड कुणाकडे नाही. प्रोग्रॅम मात्र एक दिवस अडलेला नाही, त्यामुळे त्याला हात लावू नका हा अण्णांचा हुकूम.

अण्णांची तक्रार साधी होती. हिशेबाचा बॅकअप रात्री सुरू होतो तो सकाळी मुनीम आले तरी संपलेला नसतो.

कारण बघायला फार खोल जावं लागलं नाही. तिन्ही मशीनना नेटवर्क कार्ड म्हणून ई१००० दिलेलं होतं. हे इंटेलचं जुनं गिगाबिट कार्ड, ८२५४०ईएम नावाची चिप. ती चिप या सर्व्हरमध्ये कुठंच नाही. क्यूएमू हा प्रोग्रॅम तिचं सोंग वठवतो. आतल्या विंडोजला वाटतं की आपल्यासमोर खरं सिलिकॉन आहे. ते बिचारं खऱ्या चिपच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे तिला हुकूम द्यायच्या जागेत, लिहावं तसं लिहीत राहतं. ते लिहिलं की प्रोसेसर गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, थांबवतो, ताबा होस्टकडे, म्हणजे बाहेरच्या खऱ्या सर्व्हरकडे, जातो, क्यूएमू बघतो की कुठल्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं, त्याप्रमाणे चिप वागली असती तसं वागतो, आणि ताबा परत देतो. एवढी ये-जा एकेका रजिस्टरसाठी. सोंग इतकं हुबेहूब की आतल्या मशीनला काही बदलावं लागत नाही, कुठलंही जुनं ड्रायव्हर चालतं. त्याची किंमत प्रोसेसर मोजतो.

दुसरा मार्ग म्हणजे सोंग सोडून द्यायचं. आतल्या मशीनला सरळ सांगायचं, बाबा रे, तू व्हर्च्युअल आहेस, समोर चिप-बिप काही नाही, तर आपण दोघं मिळून एक सोयीची पद्धत ठरवू. याला पॅराव्हर्च्युअल म्हणतात. कल्पना वाटते तेवढी नवी नाही. आयबीएमनं १९७२ साली व्हीएम/३७० जाहीर केलं तेव्हापासून आतल्या सिस्टीमला डायग्नोज ही सूचना वापरून थेट वरच्याशी बोलता यायचं. आपल्या खाली खरं यंत्र नाही हे माहीत असलेल्या सिस्टीमसाठीच ती पळवाट होती. पुढे पीसीच्या जगात २००२ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डेनाली प्रकल्पानं हा विचार पुन्हा मांडला आणि २००३ साली केंब्रिजच्या झेन या प्रकल्पानं तो वापरात आणला. झेनमध्ये गेस्टकडे नेटफ्रंट आणि मागं नेटबॅक अशी ड्रायव्हरची जोडी असायची.

मग व्हायचं तेच झालं. ज्यानं त्यानं आपली जोडी बनवली. लिनक्सच्या कर्नलमध्ये अशा आठेक वेगवेगळ्या व्यवस्था जमल्या, प्रत्येकीचं नेटवर्क ड्रायव्हर वेगळं, डिस्कचं वेगळं. ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी हा पसारा आवरण्यासाठी व्हर्टआयओ, म्हणजे सगळ्यांसाठी एकच पद्धत, आणलं. जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये ते आलं. त्याच्या वर्षभर आधी, २.६.२० मध्ये, केव्हीएम आलेलं होतं. दोघांचं जमलं. व्हर्टआयओच्या उपकरणाला पीसीआयवर (संगणकात कार्डं जोडायची व्यवस्था) १एएफ४ हा विक्रेता क्रमांक असतो. हे कार्ड आधी कागदावर आलं. त्या कागदाप्रमाणे वागणारं खरंखुरं हार्डवेअर बऱ्याच वर्षांनी निघालं.

आत काय असतं? सामायिक मेमरीत एक गोल रांग. क्यूएमूत नेहमी २५६ जागांची. गेस्ट आपल्या पॅकेटचा मेमरीतला पत्ता रांगेत ठेवतो, होस्ट तो उचलतो, काम झालं की दुसऱ्या रांगेत "झालं" म्हणून नोंद करतो. दर वेळी दार ठोठवायची गरज नाही, होस्ट आधीच कामात असेल तर तो "ठोठवू नको, मी बघतोय" असंही सांगून ठेवू शकतो. रजिस्टरची हेलपाट्यांची कटकट संपली. २०१० मध्ये व्हीहोस्ट-नेट आलं आणि क्यूएमूलाही मधून बाजूला करून हे काम होस्टच्या कर्नलनं स्वतःकडे घेतलं. बॅकअपची रात्र आटोक्यात येणार हे मला दिसत होतं, अण्णांना पटवायला वेळ लागला नाही.

छोट्या लिनक्सचं कार्ड मी आधी बदललं. काही त्रास नाही. सगळ्या पीसींना पूर्वीसारखे पत्ते मिळत राहिले. काही आठवडे तसंच चाललं.

मग विंडोजची पाळी. विंडोजमध्ये व्हर्टआयओचं ड्रायव्हर मुळात नसतं. व्हर्टआयओ-विन नावाची आयएसओ फाइल सीडी म्हणून जोडायची, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेचं "इथरनेट कंट्रोलर" बसलेलं असतं त्याला तिच्यातलं नेटकेव्हीएम दाखवायचं. एवढं सरळ होतं. पुढचं गमतीचं. नव्या कार्डाला जुनाच स्थिर पत्ता द्यायला गेलो तर विंडोज म्हणालं, हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे, आणि ते अडॅप्टर या संगणकात आता नाही. म्हणजे नाही हेही त्यालाच माहीत, आणि पत्ता सोडायचा नाही हेही त्याचंच. काढून टाकलेलं इंटेलचं कार्ड रजिस्ट्रीत आपल्या पत्त्यासकट बसून होतं. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लपलेली उपकरणं दाखवा म्हटलं की ते पुसट राखाडी दिसतं. (जुन्या विंडोजमध्ये त्याआधी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही द्यावं लागायचं.) त्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल, मग पत्ता सुटतो. भाडेकरू गेला तरी लाइट बिल त्याच्याच नावानं येत राहावं असले प्रकार आपल्याकडे घरोघरी असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भेटले की माणूस उगाच चकित होतो.

अण्णा मागं उभे होते. नव्या कार्डापुढं "१० जीबीपीएस" असं दिसलं तसे ते पुढं वाकले.

"दहा? आधी एक होतं ना? मग स्विच बदलायला लागंल का आपल्याला?"

तो आकडा नावापुरता आहे हे मला सांगावं लागलं. मध्ये तार नाही तर वेग कसला? ड्रायव्हरनं काहीतरी छापायचं म्हणून ते छापलंय. एका सर्व्हरच्या आतल्या आत पॅकेट जाईल तेव्हा मेमरी आणि प्रोसेसर झेपवतील तेवढा वेग, आणि बाहेर पडेल तेव्हा तुमच्या गिगाबिट स्विचचा वेग. सोंग सोडून दिलेल्या कार्डानं एवढी एक बढाई मात्र ठेवलेली आहे. अण्णांना ते आवडलं. दुसऱ्या दिवशी बॅकअप रात्रीतच संपलेला बघून तर जास्तच आवडलं. मग त्यांनी स्वतःहून म्हातारं स्टॉकचं मशीनही "ह्या नव्यावर घ्या" म्हणून सांगितलं. हुकूम त्यांचाच, मोडला त्यांनीच. त्या लिनक्समध्ये व्हर्टआयओचं ड्रायव्हर होतं, मी एकदा ते चढतंय का हे बघून घेतलं आणि कार्ड बदललं.

म्हाताऱ्याला पत्ता मिळेना.

असं झालं की प्रत्येकाचं बोट शेवटी ज्याला हात लागला त्याच्याकडे जातं. कारखान्यातही तेच. माग बंद पडला की शेवटी त्याच्याजवळ कोण उभा होता ते आधी विचारतात. स्टोअरमधल्या पोराला सुपरवायझरनं लगेच विचारलं, "काय केलास बे?" तो बिचारा फक्त पंखा पुसत होता. मी ई१००० परत लावलं, पत्ता मिळाला. व्हर्टआयओ लावलं, नाही. हातानं स्थिर पत्ता दिला तर त्याच व्हर्टआयओवर सगळं उत्तम, पिंगही, स्टॉकचा प्रोग्रॅमही, मोठी फाइलही. कार्ड चालतंय, वायर नाहीच तर तुटणार काय, आणि पत्ते वाटणारा बाकी सगळ्या पीसींना बिनतक्रार वाटतोय.

इथं बरेच जण स्थिर पत्ता देऊन घरी जातात. त्यांना मी नावं ठेवत नाही. काम चालू होतं, गिऱ्हाईक खूश असतं. मला जाववलं नाही, कारण दोन्ही बाजू तपासल्या तर दोन्ही निर्दोष दिसत होत्या, आणि अशी केस सहसा मधल्या कुणाची तरी असते.

टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम, मी तीन जागी लावलं. पत्ते वाटणाऱ्या मशीनच्या आत, होस्टच्या पुलावर (व्हर्च्युअल मशीनना आपसात आणि बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा सॉफ्टवेअरचा स्विच), आणि म्हाताऱ्याच्या आत. ५२:५४:०० नं सुरू होणारे दोन मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाची ओळख), म्हणजे दोघंही क्यूएमूची लेकरं. म्हातारा ओरडतो, कुणी पत्ता देता का. समोरून उत्तर निघतं, हा घे. पुलावर उत्तर दिसतं. म्हाताऱ्याच्या आतही ते येऊन पोचलेलं दिसतं. मग नियमाप्रमाणे म्हाताऱ्यानं "चालेल, हाच दे" म्हणायचं असतं. तो म्हणत नाही. थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून ओरडतो. ताट वाढलेलं आहे, आणि हा जेवत नाही.

त्याच्या लॉगमध्ये डीएचक्लायंट या आयपी पत्ता मागणाऱ्या प्रोग्रॅमनं अगदी शांतपणे लिहून ठेवलं होतं: पाच पॅकेटांपैकी पाचांचे यूडीपी (पत्ते वाटायची पॅकेटं ज्या पद्धतीनं जातात ती) चेकसम चुकीचे.

टीसीपीडंपला जास्त बोलकं केलं की तोही हेच सांगतो. आधी पॅकेटमध्ये सापडलेला आकडा, मग बाण, मग खरा असायला हवा होता तो आकडा. पाठवणाऱ्या मशीनवर असं दिसलं तर मी कधीच लक्ष देत नाही, कारण तिथं ते नेहमीच दिसतं, कार्ड पुढे आकडा भरणार असतं. पण घेणाऱ्याकडेही तोच चुकीचा आकडा? आणि नीट बघितल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. बाणाच्या उजवीकडचा खरा आकडा दर उत्तराला बदलत होता, बदलायलाच हवा, प्रत्येक वेळी आतला मजकूर थोडा वेगळा असतो. डावीकडचा चुकीचा आकडा मात्र दर वेळी तोच. एका अंकाचाही फरक नाही.

वाटेत खराब झालेलं पॅकेट असं वागत नाही. खराबी दर वेळी वेगळी असते. इतक्या शिस्तीत चूक होत असेल तर ती चूक नसते, अर्धवट ठेवलेलं काम असतं. चेकसम काढताना आधी पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, लांबी यांची बेरीज होते, मग मजकुराची. पहिली बेरीज करून तेवढीच जागेवर लिहून ठेवायची आणि उरलेली कार्डानं करायची, अशी पद्धत आहे. पाठवणारा तोच, घेणारा तोच, लांबी तीच, म्हणून अर्धी बेरीज तीच. उरलेली अर्धी कुणी केलीच नव्हती.

अण्णांनी तेवढ्यात चहा पाठवला आणि मागोमाग स्वतः आले. खिडकीतून समोर दिसत होतं, माग-खात्यातून टॉवेलच्या ट्रॉल्या शिलाई-खात्याकडे चालल्या होत्या. मी विचारलं, "अण्णा, या ट्रॉलीचं वजन कुठं करता?"

"ह्याचं कशाला? आतल्या आत चाललाय माल. वजन गेटवर. ट्रान्सपोर्टची बिल्टी बनती तवा."

मग मला फार काही सांगायची गरज राहिली नाही. व्हर्टआयओचं प्रत्येक पॅकेट आपल्यापुढं दहा-बारा बाइटची एक चिठ्ठी घेऊन चालतं. चिठ्ठीवर एक खूण असते: चेकसम अजून पुरा केलेला नाही, अमुक ठिकाणापासून मोजा, तमुक ठिकाणी लिहा. पॅकेट सर्व्हरच्या खऱ्या कार्डातून बाहेर पडलं तर ते कार्ड चिठ्ठी वाचून आकडा भरतं. गेटवर वजन, बिल्टी, सगळं रीतसर. म्हणून बाहेरच्या पीसींची कधी तक्रार नव्हती. आणि पॅकेट त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या मशीनकडे चाललं असेल तर मोजायचं कशाला? मेमरीतून मेमरीत जाताना काही सांडत नाही. घेणाऱ्याचा कर्नल चिठ्ठी बघतो, घरचाच माल आहे म्हणतो आणि आत घेतो. घेणाऱ्याकडे ई१००० असेल तर? त्या सोंगाला चिठ्ठ्यांची भाषा येत नाही हे होस्टला माहीत असतं, म्हणून तो स्वतःच बेरीज पुरी करून देतो. दोन्हीकडे व्हर्टआयओ आल्याशिवाय ही भानगड उघडकीला येणारच नव्हती. छोटं लिनक्स एकटं बदललं तेव्हा सगळं सुरळीत होतं ते एवढ्यासाठी.

"मग तुमचं ते म्हातारं मशीन आतल्या मालाला बिल्टी मागायलंय म्हणा की," अण्णा म्हणाले.

मागत होतं, आणि त्यालाही कारण होतं. ज्या मशीनला अजून पत्ताच नाही, त्याला साध्या सॉकेटवर बोलता येत नाही. डीएचक्लायंट म्हणून कर्नलच्या नेहमीच्या वाटेनं न जाता कच्चं पॅकेट जसंच्या तसं उचलतो आणि त्याची तपासणी स्वतः करतो. चिठ्ठी मात्र कर्नलपाशीच राहते, ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याच्या हातात पडतं पॅकेट, त्यावर अर्धा आकडा. त्यानं काय करावं? त्याच्या काळात चुकीचा चेकसम म्हणजे तारेत बिघडलेलं पॅकेट, आणि बिघडलेल्या पॅकेटमधून पत्ता घेणं म्हणजे संकट ओढवून घेणं. त्यानं ते टाकून दिलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही टाकलं असतं.

अण्णांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मंग चुकी कुणाची?"

हा प्रश्न मला या धंद्यात कायम पडतो आणि बहुतेक वेळा उत्तरात एक नाव देता येतं. इथं देता येईना. डीएनएसमास्कनं उत्तर नीट लिहिलं. कर्नलनं कार्डाच्या शब्दावर विसंबून बेरीज अर्धी ठेवली, त्याला तसं करायला सांगितलेलंच होतं. व्हर्टआयओनं चिठ्ठी प्रामाणिकपणे पुढे दिली. पुलानं काही बदललं नाही. म्हाताऱ्याच्या कर्नलनं चिठ्ठी वाचली. शेवटच्या प्रोग्रॅमनं जे हातात आलं त्यावरून योग्य निर्णय घेतला. सोंगाच्या जमान्यात अशी फट पडत नव्हती, कारण तिथं प्रत्येकानं सगळी कामं पुरी करायची असतात, मग ती वायफळ का असेनात. वेळ वाचतो तो कुणीतरी कुणावर तरी विश्वास टाकून काम सोडल्यामुळेच, आणि या ठरावाला जो माणूस हजर नव्हता तो पुढं कधीतरी दारात आडवा येतो. डीएचक्लायंट ठरावाच्या आधीचा होता.

कर्नलवाल्यांना हे लवकर कळलं होतं. कच्ची पॅकेटं उचलणाऱ्यांना "चेकसम अजून तयार नाही" असं शेजारून कळवायची सोय २००७ च्या सुमारास झाली आणि नंतरच्या डीएचक्लायंटनं ती वापरली. पण आधीच बसलेल्या जुन्या प्रोग्रॅमना ती विचारायचं सुचणार कसं? त्यांच्यासाठी २०१० मध्ये आयपीटेबल्समध्ये, म्हणजे पॅकेटांचं काय करायचं ते सांगणाऱ्या लिनक्सच्या नियमांत, चेकसम नावाचं एक खास टार्गेट (करायची कृती) घातलं गेलं. त्याचं काम एकच, राहिलेली बेरीज भरणं. मॅन्युअलमध्येही स्पष्ट म्हटलंय की जुन्या डीएचसीपी क्लायंटसारख्या (पत्ता मागणाऱ्या) प्रोग्रॅमचं भागवून घेण्यासाठी हे आहे. जगभरच्या कर्नलमध्ये म्हाताऱ्यांच्या मर्जीसाठी एक ओळ राखून ठेवलेली आहे, हे मला फार माणुसकीचं वाटतं. लिबव्हर्ट या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं स्वतःचं नेटवर्क वापरलं तर तो हा नियम आपणहून घालायचा, म्हणून कित्येकांना हा घोळ कधी भेटलाच नाही. आमचा पूल हातानं बांधलेला.

उपाय तीन होते आणि तिन्ही चालले असते. म्हाताऱ्याला ई१००० परत द्यायचं, म्हणजे त्याचा वेग गेला. पत्ते वाटणाऱ्या मशीनवर एथटूल या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं चेकसमची सवलतच बंद करायची, म्हणजे सगळी पॅकेटं घरातूनच वजन करून निघतील. त्या सवलतीवर टीएसओही उभं असतं, म्हणजे ६४ केबीपर्यंतचा मोठा तुकडा एकदम कार्डाकडे देऊन कापायला लावायची सोय, तीही बंद पडते. पत्ते वाटणाऱ्याला त्यानं काही फरक पडला नसता, दिवसभरात तो पाठवतो किती? तरी मी तिसरा घेतला. त्याच मशीनवर आयपीटेबल्सच्या मँगल तक्त्यात, पोस्टराउटिंगच्या (पॅकेट बाहेर पडतानाच्या) साखळीत एक नियम: ६८ नंबरच्या पोर्टकडे, म्हणजे पत्ता मागणारे जिथं उत्तर ऐकतात तिकडे, जाणारं यूडीपी असेल तर चेकसम भरून दे. बाकी कुणाला धक्का नाही. नियम घातला, म्हाताऱ्याला हाक मारायला लावलं. ओरडला, उत्तर आलं, "चालेल" म्हणाला, पत्ता घेतला. टीसीपीडंपमधला बाण गेला, आकड्यापुढं नुसतं बरोबर आहे एवढंच.

असा नियम हातानं घातला की मशीन रीस्टार्ट झाल्यावर उडतो, आणि एमआयडीसीत लाइट जायला पावसाची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे तो फाइलीत कायमचा लिहून, मशीन दोनदा बंद-चालू करून, मग मी लॅपटॉप मिटला. नियमाला शेपटी म्हणून शेरा जोडलाय: स्टॉकचं जुनं मशीन निघालं की ही ओळ काढणे. माझ्यानंतर जो येईल त्याला ही ओळ निरर्थक वाटणार, आणि कारण माहीत नसलं की माणूस एकतर ओळ उडवतो नाहीतर तिची पूजा करतो. दोन्ही नकोत.

पुण्यातल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, ते मशीनच फेकून दे आणि स्टॉकचं नवीन सॉफ्टवेअर घे. बरोबर आहे त्याचं. मला पटत नाही ते त्यातलं "फेकून दे". सूत, बीम, माग, नग, गाठ, त्यातला सेकंडचा माल वेगळा, धुलाईनंतरची घट वेगळी, हे सगळं त्या प्रोग्रॅममध्ये इथल्या पद्धतीनं बसवलेलं आहे. बाजारातलं तयार सॉफ्टवेअर दाखवायला येणारे पहिल्याच मिनिटाला "नग की किलो?" इथं अडखळतात. अण्णांचं उत्तर असतं, "दोन्ही."

तरी परवा मीच विषय काढला. मशीन म्हातारं आहे, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, नेटवर्कवर ते उघडं ठेवणं बरं नाही, निदान त्यातला डेटा बाहेर काढून ठेवू. हे शेवटचं त्यांना पटलं, डेटा काढायला परवानगी मिळाली. नवीन सॉफ्टवेअरचं विचारलं तर खिडकीतून ट्रॉल्या मोजत म्हणाले, "गड्डा होऊ द्या, मग बघू."

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा दर जानेवारीत होते. कुठल्या वर्षीची ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.